माजघर कोणाचे? तरुणांच्या विनोदी मालिका आणि आपण

अल खोर (कतार) येथून

२०१५ च्या मार्च महिन्यात झी मराठी वाहिनीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' नावाची विनोदी मालिका सुरू झाली. मुंबईतील एका सदनिकेत सहा तरुण मुले-मुली एकत्र राहतात, एवढीच तिची कल्पना. त्या सदनिकेचे नाव 'माजघर'. अमेय वाघ, सुव्रत जोशी, पुष्कराज चिरपुटकर, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर आणि पूजा ठोंबरे हे सहा कलावंत तीत होते. २०१६ च्या फेब्रुवारीत मालिका संपली. तिच्यानंतर २०१७ साली हेच सहा जण 'दिल दोस्ती दोबारा' या मालिकेत नव्या भूमिका घेऊन आले. आज इतकी वर्षे लोटली, तरी मुंबई-पुण्यातच नव्हे तर मॉरिशसमध्ये आणि आखाती देशांतही मराठी घरांतील तरुण मंडळी ही मालिका मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहतात.

त्या वेळी मराठी वाहिन्यांवर सासू-सुनांचे राज्य होते. मोठे वाडे, भरजरी साड्या, घरातल्या घरात कारस्थाने, हे सारे पाहून कंटाळलेल्या प्रेक्षकाला साध्या कपड्यांतली, उशिरा उठणारी, एकमेकांच्या ताटातले खाणारी आणि महिनाअखेरीस हात आखडता घेणारी तरुण मुले दिसली. लग्न करून मुंबईत आलेली रेश्मा, नवऱ्याचे मन दुसरीकडे गुंतलेले आहे हे कळल्यावर या घरात राहावयास येते आणि परक्या मुलांत तिला आपली माणसे मिळतात. कथा विनोदी खरी, पण तिच्या मुळाशी एका मुलीचे दुःख होते. म्हणून ती लोकांना जवळची वाटली.

असे असले तरी एक शिक्षिका म्हणून मला काही प्रश्न विचारावेसे वाटतात. या मालिका खऱ्या किती? त्यांच्यात कोण दिसते आणि कोण दिसत नाही? आणि मराठी वंशाची, पण महाराष्ट्राबाहेर वाढलेली आपली मुले त्या पाहून स्वतःविषयी काय शिकतात? शाळेच्या डिसेंबरच्या सुटीत काही दिवस अल खोर येथे भाच्याकडे राहण्याचा योग आला. तेथे जे पाहिले आणि ऐकले, त्यामुळे हे प्रश्न अधिक स्पष्ट झाले.

घर, भाडे आणि पगार

विनोदी मालिकेतील घर हे नेहमी जरा मोठेच असते. कॅमेऱ्याला फिरावयास जागा लागते, हे त्याचे साधे कारण. अमेरिकेतील 'फ्रेंड्स' ही मालिका १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे चालली. न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरात स्वयंपाकिणीचे काम करणाऱ्या मुलीला एवढे ऐसपैस घर कसे परवडते, असे प्रेक्षक विचारू लागले. तेव्हा लेखकांनी खुलासा केला की ते घर तिच्या आजीच्या नावावर आहे आणि जुन्या कायद्यामुळे त्याचे भाडे वाढलेले नाही. खुलासा पुरेसा होता की नाही हे बाजूला ठेवू. पण लेखकांना तो करावा लागला, म्हणजे प्रेक्षक हसता हसता हिशेबही करीत होता.

मुंबईच्या माजघरालाही हाच हिशेब लागू पडतो. तीन मुले आणि तीन मुली, कोणाचे कोणाशी लग्न झालेले नाही, अशांना मुंबईतील किती सोसायट्या घर भाड्याने देतील? अविवाहितांना घर देणार नाही असे तोंडावर सांगणाऱ्या सोसायट्या त्या शहरात आहेत. आडनाव विचारून आणि ताटात काय असते ते विचारून नकार देणारे घरमालकही आहेत. मालिकेने ही कटकट बरीचशी बाजूला ठेवली. तसे करण्याचा तिला अधिकार आहे. प्रत्येक विनोदाला एखादी सवलत घ्यावीच लागते. 'अशी एक जागा आहे असे धरून चला' असे म्हटल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही.

माझ्या मते वास्तवतेची खरी कसोटी घराच्या आकारात नाही, ती माणसांच्या काळजीत आहे. नोकरी जाईल का, आईला खरे सांगावे का, गावाकडे पैसे कधी पाठवावेत, वय वाढते आहे आणि हाती काहीच नाही, या काळज्या खऱ्या असल्या की घर दोन हात मोठे असले तरी चालते. २०२२ साली 'भाडिपा' या मंडळींनी 'बी. ई. रोजगार' ही मराठी मालिका यूट्यूबवर आणली. अभियांत्रिकीची पदवी घेऊनही धड नोकरी नसलेल्या तरुणांची ती गोष्ट. सई ताम्हणकर, संभाजी ससाणे आणि जगदीश कन्नम हे तीत होते. महाराष्ट्रात गावोगावी अभियांत्रिकीची महाविद्यालये निघाली, बापाने कर्ज काढून मुलाला शिकविले आणि मुलगा पदवी घेऊन घरी बसला, ही हकीकत ज्या घरांनी अनुभवली त्यांना त्या मालिकेतील हशा कोठून येतो हे सांगावे लागत नाही. २०२० साली आलेल्या 'पंचायत' या हिंदी मालिकेचेही तेच. शिकलेला शहरी मुलगा दुसरी नोकरी मिळत नाही म्हणून खेड्यात ग्रामपंचायतीचा सचिव होतो. विनोद त्याच्या नाइलाजातून निर्माण होतो, विदूषकी चाळ्यांतून नव्हे.

टिपऱ्यांच्या घरातील तरुण

तरुणांनी घरापासून दूर, मित्रांबरोबर राहावयाचे ही पद्धत मराठी माणसाच्या अंगवळणी फार उशिरा पडली. मराठी दूरदर्शनचा आरंभ मुंबई केंद्रापासून, २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. त्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकर यांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ पाहण्यासाठी ज्याच्याकडे संच असेल त्याच्या घरी सारी आळी जमत असे. तो विनोद संसारी माणसाचा होता. तरुण मुले त्यात असली तरी गोष्ट त्यांची नव्हती.

पुढे २००१ साली अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या वृत्तपत्रीय लेखनावर ती आधारलेली होती आणि केदार शिंदे यांनी ती दिग्दर्शित केली होती. आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे अशा तीन पिढ्या एका छताखाली. शिऱ्या आणि शलाका ही नातवंडे त्या वेळची तरुण पिढी. त्यांचे कॉलेज, त्यांच्या मैत्र्या, त्यांचे फसलेले बेत हे सर्व आबांच्या नजरेखाली घडते. मुलांना आबांची अडचण होत नाही, उलट आधारच वाटतो. तिच्यात कारस्थान नव्हते, खलनायिका नव्हती, तरीही ती चार वर्षे चालली आणि लोकांना हवीहवीशी असतानाच थांबली.

मॉरिशसमधील आपल्या घरांना माजघरापेक्षा टिपऱ्यांचे घर अधिक जवळचे आहे, असे मला वाटते. आपल्याकडे पंचविशीतला मुलगा नोकरीला लागला तरी बहुधा आई-वडिलांच्या घरीच असतो. लग्न झाले की त्याच घरावर एक मजला चढतो. आजी खाली, नातू वर. आजीचे बोलणे भोजपुरी-क्रेओल मिसळलेल्या मराठीत, नातवाचे क्रेओलमध्ये, आणि गणपतीच्या दिवसांत दोघे मिळून मराठीत आरती म्हणतात. या घरात विनोदाला काय तोटा आहे? पण हे घर अजून कोणत्याही मालिकेत आलेले नाही.

अल खोरची तरुण मंडळी

अल खोर हे दोह्याच्या उत्तरेस सुमारे पन्नास किलोमीटरवर समुद्रकाठी वसलेले गाव. 'खोर' म्हणजे खाडी. एके काळी येथील लोक मोती काढीत आणि मासेमारी करीत. आज येथून उत्तरेस असलेल्या रास लफान या औद्योगिक नगरात नैसर्गिक वायूचे प्रचंड कारखाने आहेत आणि त्यांच्यासाठी काम करणारी माणसे अल खोरमध्ये राहतात. २०२२ सालच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा पहिला सामना, कतार विरुद्ध इक्वेडोर, येथल्याच अल बैत मैदानावर २० नोव्हेंबर रोजी झाला. अरबांच्या तंबूसारखे दिसणारे ते मैदान जगाने पाहिले. त्याच्या आसपास राहणारी माणसे मात्र जगाने फारशी पाहिली नाहीत.

येथे तरुणांचे दोन वेगळे संसार आहेत. एक, वायू कंपनीने वसविलेल्या वसाहतीतला. रुंद रस्ते, झाडे, शाळा, पोहण्याचे तलाव आणि कुटुंबे. येथे वाढलेली भारतीय मुले बारावी झाली की शिक्षणासाठी भारतात किंवा अन्यत्र जातात. म्हणजे ऐन तारुण्यात ती येथे नसतातच. आई-वडील कतारात, मुलगी पुण्यात, मुलगा कॅनडात, आणि रात्री नऊ वाजता सर्व जण मोबाईलच्या पडद्यावर एकत्र. दुसरा संसार गावातल्या दाटीच्या इमारतींतला. तेथे एकट्याने आलेले तरुण तीन-तीन, चार-चार मिळून एका घरात राहतात. 'बेड स्पेस' हा शब्द येथे रोजचा आहे. भाडे खोलीचे नसते, खाटेचे असते.

आखातात 'बॅचलर' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. गावाकडे बायको आणि दोन मुले असलेला चाळिशीचा माणूसही येथे बॅचलरच, कारण तो कुटुंबाविना राहतो. कुटुंबे राहतात त्या वस्तीत कामगारांची निवासस्थाने ठेवण्यास २०१० च्या कायद्याने मनाई केली. लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषांनी एका घरात राहणे येथील कायद्याला मान्य नाही. म्हणजे तीन मुले आणि तीन मुलींचे माजघर अल खोरमध्ये पहिल्याच भागात बंद पडेल!

आणि तरीही भाच्याच्या घरी, शुक्रवारी दुपारी, चौघे जण मांडी घालून तीच मालिका पाहत होते. एक रत्नागिरीकडचा, एक विदर्भातला, एक सोलापूरचा आणि चौथा आमचा मॉरिशसचा. जेवणात मसूरची आमटी, भात आणि कोणाच्या तरी आईने पाठविलेले लोणचे. चौघांपैकी दोघे पाळीने काम करतात, त्यामुळे एक झोपावयास निघाला की दुसरा उठतो. उन्हाळ्यात, १ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन या वेळात उघड्यावर काम करण्यास येथे बंदी असते, तेव्हा दिवसाचे सारे वेळापत्रकच उलटे होते. सोलापूरचा मुलगा शेजारच्या केरळी मंडळींमुळे मराठीपेक्षा मल्याळममध्ये जास्त शिव्या देतो, असे बाकीच्यांनी मला हसत सांगितले. त्याने ते नाकारले नाही.

त्यांच्या बोलण्यात जो विनोद होता, तो एखाद्या लेखकाने नुसता टिपून घेतला तरी मालिकेचे दहा भाग होतील. घरी कोणी पगार विचारला की किती सांगावा? खरा सांगितला तर चुलतभाऊ उसने मागतो, कमी सांगितला तर लग्नाचे स्थळ जाते. कतारने २०२१ च्या मार्चपासून सर्व कामगारांना किमान वेतन लागू केले: मूळ वेतन १००० रियाल, आणि मालक राहण्या-जेवणाची सोय करीत नसेल तर राहण्यासाठी ५०० व जेवणासाठी ३०० रियाल. त्याआधी, २०२० साली, नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाची परवानगी घेण्याची अट काढून टाकण्यात आली. या गोष्टी कायद्याच्या पुस्तकातल्या वाटतात. पण ज्या घरात एक जण नोकरी बदलून गेला आणि त्याची खाट रिकामी झाली, त्या घरात नवा भाडेकरू येईपर्यंत उरलेल्या तिघांवर काय बेतते, यात नाटकही आहे आणि हशाही.

बोली आणि हशा

त्या दुपारी आणखी एक गोष्ट कळली. आमचा भाचा या घरात राहावयास आला तेव्हा सुरुवातीचे दोन-अडीच महिने तो इतरांशी इंग्रजीतच बोलत होता. कारण विचारले तर म्हणाला, "मावशी, मी पहिल्या दिवशी मराठी बोललो, तेव्हा हे सगळे हसले. मी जुन्या नाटकातल्या माणसासारखा बोलतो म्हणाले."

त्यांचे हसणे दुष्टपणाचे नव्हते. आपल्या मुलांचे मराठी दोन ठिकाणांहून आलेले असते. अर्धे शाळेच्या पुस्तकातले, म्हणून शुद्ध आणि थोडे ताठ. अर्धे पणजीच्या तोंडचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून निघालेल्या कोकणी माणसांचे. हे दोन्ही आजच्या पुण्या-मुंबईत ऐकू येत नाही. पण मुलाला ते कसे ठाऊक असणार? त्याला वाटले, आपली भाषाच चुकीची आहे.

मालिकांचा संबंध येथे येतो. मराठी पडद्यावर नायक-नायिका एका ठराविक प्रमाण मराठीत बोलतात. मालवणी, वऱ्हाडी, सोलापुरी बोलणारे पात्र आले की बहुतेक वेळा ते मोलकरीण, रखवालदार, गावाकडचा भोळा मामा किंवा भांडखोर शेजारीण असते. त्याने तोंड उघडले की हशा. वर्षानुवर्षे हे पाहिले की पाहणारा शिकतो, की ही बोली म्हणजे विनोदाचे सामान. मग प्रत्यक्षात तशी बोली कानी पडली की हसू आपोआप येते. रत्नागिरीचा मुलगा म्हणाला, त्यालाही पुण्याच्या वसतिगृहात असेच हसले होते. स्वतः सोसलेले तो विसरला होता. भाच्याने आठवण करून दिली तेव्हा तो थोडा गप्प झाला.

बोलीवर हसणे आणि बोलीतून हसणे यांत फरक आहे. तो ज्याला समजून घ्यावयाचा असेल त्याने 'वस्त्रहरण' हे नाटक आठवावे. गंगाराम गवाणकर यांनी लिहिलेले हे नाटक १९८० साली रंगभूमीवर आले. मच्छिंद्र कांबळी यांनी ते गाजविले आणि त्याचे हजारो प्रयोग झाले. कोकणातील एका गावात हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ बसवितात आणि जी तारांबळ उडते ती त्यात आहे. त्यात सर्वच जण मालवणी बोलतात. हसणाराही मालवणी, ज्याला हसावयाचे तोही मालवणी, म्हणून कोणीच कमी ठरत नाही. उलट, मालवणी न येणारा प्रेक्षक ती समजून घेण्यासाठी कान टवकारतो. पुढे २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सिंधुदुर्गाच्या पार्श्वभूमीवर आली. ती भयकथा असल्याने भुतेखेते, करणी, भारलेले वाडे तीत भरपूर होते. कोकणातून तिला लोकप्रियता मिळाली आणि विरोधही झाला. आमचे गाव म्हणजे फक्त अंधश्रद्धा काय, असे तेथील लोक विचारू लागले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या: आपली बोली पडद्यावर आल्याचा आनंद आणि ती कशासाठी आली याचे दुःख.

बाहेरच्या जगाचा अनुभव

हा प्रश्न काही आपल्या एकट्यांचा नाही. 'फ्रेंड्स' सुरू होण्याच्या एक वर्ष आधी, १९९३ साली, अमेरिकेत 'लिव्हिंग सिंगल' ही मालिका आली होती. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणाऱ्या सहा कृष्णवर्णीय तरुण मित्र-मैत्रिणींची ती गोष्ट. कल्पना बरीचशी तीच, पण जगभर गाजली ती नंतरची, आणि तीत प्रमुख सहाही पात्रे गोरी होती. पुढे अनेक वर्षांनी, २०२२ साली, 'फ्रेंड्स'च्या एक निर्मात्या मार्टा कॉफमन यांनी आपल्या मालिकेत कृष्णवर्णीयांना जागा मिळाली नाही याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला आणि आफ्रिकन व आफ्रिकन-अमेरिकन विषयांच्या अध्ययनासाठी ब्रँडाइस विद्यापीठाला ४० लाख डॉलर्सची देणगी दिली. चूक कळावयास वेळ लागला, पण कबूल केली, हे महत्त्वाचे.

२०२० ते २०२३ या काळात 'नेव्हर हॅव आय एव्हर' ही मालिका नेटफ्लिक्सवर आली. मिंडी केलिंग तिच्या निर्मात्यांपैकी एक. कॅलिफोर्नियात वाढणारी तमिळ घरातील देवी ही तिची नायिका. एका भागात देवी आईबरोबर शाळेच्या सभागृहात भरलेल्या गणेशपूजेला जाते. तिला तेथे परके वाटते, कंटाळा येतो, लोकांचे प्रश्न नकोसे होतात, आणि तरीही काहीतरी आपले आहे असेही वाटते. हा प्रसंग पाहताना मला कास्काव्हेलची आणि व्हाक्वाची मुले आठवली. साडी नेसून सेल्फी काढणारी, आरतीच्या वेळी ओठ नुसते हलविणारी आणि विसर्जनाच्या वेळी मात्र खरोखर रडणारी. परदेशी लेखिकेने तमिळ मुलीविषयी लिहिले आणि ते आपल्याला लागले, कारण तिने स्वतः जे भोगले तेच लिहिले.

आखातातही असे घडले आहे. २००६ साली मोहम्मद सईद हारिब या तरुणाने दुबईत 'फ्रीज' ही चित्रमय विनोदी मालिका काढली. बदलत्या दुबईत राहणाऱ्या चार अमिराती आज्या हा तिचा विषय. उंच इमारती आणि परदेशी गर्दी यांच्यामध्ये आपल्या बोलीत, आपल्या बुरख्यात, आपल्या खवचटपणासह वावरणाऱ्या या आज्यांनी सर्वांना वेड लावले. नवशिक्षित तरुणाने आपल्या आजीच्या पिढीला मध्यभागी बसविले आणि तिची थट्टाही केली, पण तिला लहान केले नाही. केरळी चित्रपटांनीही आखातातील स्थलांतरित माणूस आपलासा केला. २०१५ सालचा 'पथेमारी' आणि २०२४ सालचा 'आडुजीवितम' ही त्याची ठळक उदाहरणे. हे चित्रपट विनोदी नाहीत, पण एखाद्या समाजाने आपल्या परदेशी गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली की काय होते ते त्यांच्यावरून दिसते. केरळातील घराघरांत 'गल्फ' म्हणजे नुसते सोन्याचे दागिने नव्हेत हे आता सर्वांना ठाऊक आहे. मराठीत मात्र आखातातला तरुण कथेत आला तरी बहुधा सुटीवर बॅगा भरून आलेला पाहुणा म्हणून येतो.

अल खोरच्या त्या घरी भाच्याने हाच प्रश्न इतरांना विचारला होता: "तुमच्या मालिकेत माझ्यासारखा माणूस आला तर तो कोण असेल?" विदर्भातील मुलाने प्रामाणिकपणे उत्तर दिले, "पाहुणा. दोन भागांपुरता." सर्व हसले, भाचाही हसला. मला मात्र ते वाक्य अजून विसरता येत नाही. दोनशे वर्षे होत आली आपण मराठी टिकवून आहोत, आणि मराठी कथेत आपली जागा दोन भागांची!

मग करावयाचे काय?

मुंबईच्या वाहिन्यांनी आपल्यावर मालिका काढावी अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. त्यांनी काढली तरी ती त्यांच्या नजरेतून असेल: समुद्र, ऊस, नारळ, आणि मध्ये एक गाणे. आपली गोष्ट आपल्यालाच सांगावी लागेल. आणि त्यासाठी लागणारी शाळा आपल्याकडे आहे.

ज्या मुलांनी मराठी विनोदाचे रूप बदलले ती कोठून आली ते पाहा. अमेय वाघ, निपुण धर्माधिकारी आणि त्यांचे सोबती पुण्याच्या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांतून घडले. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडकाने अशा अनेक पिढ्या तयार केल्या. सुव्रत जोशी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेला. म्हणजे मालिकेच्या आधी नाटक होते, आणि नाटकाच्या आधी चार मित्र, एक रिकामी खोली आणि रात्रभर चालणारी तालीम होती. २०१६ साली सुरू झालेल्या 'भाडिपा'च्या मंडळींजवळही आरंभी फार भांडवल नव्हते. सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि कॅनडाहून येऊन मराठी शिकलेल्या पॉला मॅकग्लिन यांनी ते सुरू केले. परदेशातून आलेली मुलगी मराठी विनोदाच्या मध्यभागी बसू शकते, तर कोकणातल्या पूर्वजांची मुले का नाही?

आपल्या बेटावर सरकारच्या वतीने मराठी नाट्यस्पर्धा होते. शाळांतून, मंडळींतून, बैठकांतून तरुण मुले तीत भाग घेतात. अनेक वर्षे मी त्यांच्या तालमी पाहते आहे. बहुतेक वेळा आपण पुण्या-मुंबईची जुनी नाटके बसवितो. त्यातील पेशवाई पगडी, सदाशिव पेठ आणि लोकलची गर्दी यांचे संवाद आपली मुले पाठ करतात आणि उच्चार शुद्ध यावा म्हणून घाम गाळतात. त्यात चूक काही नाही. चांगले नाटक कोठलेही असो, ते करावे. पण दर वर्षी निदान एक एकांकिका आपली असावी. आजी खाली आणि नातू वर राहतो ती. मराठीच्या वर्गात क्रेओलमध्ये कुजबुजणाऱ्या मुलांची. झाकरीच्या तालमीला उशिरा येणाऱ्या आणि कारण म्हणून फुटबॉलचा सामना सांगणाऱ्या मुलाची. अल खोरच्या खाटेवरून घरी 'सगळे उत्तम' असे सांगणाऱ्याची.

शिक्षक बंधू-भगिनींना माझी एक सूचना आहे. वर्गात निबंधाला 'माझा आवडता सण' हा विषय आपण वर्षानुवर्षे देत आलो. एखाद्या वेळी 'आमच्या घरातील एक गमतीदार संभाषण' हा विषय द्यावा. मुलांना सांगावे, जसे बोलले गेले तसे लिहा. क्रेओल शब्द आला तर येऊ द्या, आजीचा जुना शब्द आला तर तो खोडू नका. व्याकरण आपण नंतर पाहू. मुलाला एकदा कळले की आपले घर लिहिण्याजोगे आहे, म्हणजे त्याला भाषेची लाज वाटणार नाही. लाज गेली की भाषा राहते. नुसत्या गुणांसाठी शिकलेली भाषा परीक्षेबरोबर संपते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

पालकांनीही मुलांबरोबर या मालिका पाहाव्यात. 'काय हा थिल्लरपणा' म्हणून संच बंद करू नये. मालिका संपली की विचारावे: या घराचे भाडे कोण भरते? ही मोलकरीण कोठली, आणि ती बोलली की आपण का हसलो? आपल्या घरावर मालिका निघाली तर पहिला प्रसंग कोणता असेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुले हसत हसत देतील, आणि ते ऐकण्यासारखे असेल.

भाचा आता त्या घरात मराठीच बोलतो. त्याच्या मित्रांनी त्याच्याकडून काही जुने शब्द उचलले आहेत आणि त्याने त्यांच्याकडून काही नवे. रत्नागिरीच्या मुलाला तर त्यातील दोन-तीन शब्द आपल्या पणजीच्या तोंडचे म्हणून ओळखू आले. पुढल्या नाट्यस्पर्धेसाठी त्या घरातली एक शुक्रवारची दुपार लिहून पाठव, असे मी भाच्याला सांगून आले आहे. त्याने 'बघतो' म्हटले आहे. आपल्या बेटावरील ज्या मंडळींना ती बसवावयाची असेल त्यांनी आतापासून पात्रे शोधण्यास हरकत नाही. चार मुले हवीत, चार खाटा हव्यात. आणि चौघांनी चार तऱ्हेचे मराठी बोलावे, एवढीच अट.